धक्क्यावरची खूण

माझं लग्न झालं त्या उन्हाळ्यात
सासऱ्यांनी धक्क्याच्या तिसऱ्या खांबावर छिन्नीने खूण केली.
पुऱ्या भरतीचं पाणी इथवर, एवढंच म्हणाले
आणि हॅलिबटच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत बसले.
उल्लोरियाक त्यांचं नाव. आमच्या बोलीत तारा.
बोलणंही तसंच, लांबून आणि क्वचित.

एकतीस वर्षं झाली.
आता पुनवेच्या भरतीलाही पाणी
खुणेच्या वीतभर खाली थांबतं.
रेडिओवर बाई सांगते, समुद्र चढतोय.
आम्ही कॉफीचे कप हातात घेऊन खिडकीशी जातो.
समुद्र उतरलेला असतो.

रात्री खाडीच्या टोकाला हिमनदी तुटते.
चर्चएवढे, शाळेएवढे तुकडे.
पूर्वी त्या आवाजाला कुत्री उठून उभी राहायची,
आता मानसुद्धा उचलत नाहीत.

मोजणीला आलेला पोरगा, मलिक,
माझ्या ओट्यावर वाळवलेला मासा चघळत म्हणाला,
बर्फ फार जड होता, मावशी,
इतका जड की समुद्राला त्याची ओढ होती.
पाणी त्याच्याभोवती गोळा होऊन राहायचं.
आता तो वितळतोय, ओढ सुटतेय,
आणि पाठीवरचं ओझं हललं म्हणून
जमीनही हळूहळू कंबर सरळ करतेय.

पाणी जातं कुठे मग?
लांब, म्हणाला. जितकं लांब, तितकं जास्त.

मला सासऱ्यांच्या खुर्चीची आठवण झाली.
न बोलणारा माणूस,
पण दर रविवारी घरात बसायला जागा नसायची.
ते गेले, त्यानंतरही मी तितकीच कॉफी करत राहिले
बरेच रविवार.

ऑगस्टमध्ये मालाचं जहाज आलं.
धक्क्याला लागेना, तळ वर आलाय.
लांब नांगर टाकून त्यांनी छोटी होडी सोडली.
पीठ, बॅटऱ्या, बाळांचे लंगोट, एक शिवणयंत्र.
होडीत होता तोआकाई,
जगाच्या पोटावरच्या कुठल्याशा बेटाचा,
तीन कोट एकावर एक घातलेला.
त्याने वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं,
आणि खळखळून हसला. गोडं!
समुद्र, आणि गोडं!
मग हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतून गेलं.
मोडक्या इंग्रजीत म्हणाला,
आमच्या विहिरीपेक्षा गोडं आहे हे.

त्याची आई, नेई तेकाराबा.
तिचा अळूचा खड्डा तिच्या आजीने खणलेला,
पानं माणसाच्या डोक्यावरून जाणारी.
दोन वर्षांमागे मोठ्या भरतीचं पाणी आत आलं
आणि बसून राहिलं.
कंद उकडला तर साबणासारखा लागतो, तो म्हणाला.
आई तरी रोज खड्ड्याशी जाते,
पिवळी पानं खुडते, परत येते.

मी त्याला खांबावरची खूण दाखवली.
का दाखवली, कोण जाणे.
चोरीचा माल दाखवावा तशी दाखवली.
त्याने अंगठा खुणेवर ठेवला,
करंगळी पाण्याला टेकवली.
बरोबर एक वीत.
बराच वेळ हाताकडे बघत राहिला.
रागावेल असं वाटलं. रागावला नाही.
विचारलं, हे कोणी कोरलं?
सासरे, म्हटलं.
चांगलं कोरलंय, म्हणाला.

निघताना त्याचा तो हात
तसाच ताणलेला होता, मांडीवर,
काहीतरी सांडू नये म्हणून धरावा तसा.
एका हाताने वल्हवता येईना.
होडीचा तळ खडकाला घासला.
मी आणि मलिक गुडघाभर पाण्यात उतरलो
आणि तिला ढकलत ढकलत नेलं,
पूर्वी जिथून पाणी सुरू व्हायचं
त्याच्या बरंच पुढे.